घंटी नसलेली सायकल

गाव बार्शी होतं की करमाळा, हे आता नीटसं आठवत नाही. हकिगत मात्र अशीच घडली असावी. सायकलला घंटी नाही म्हणून फौजदार इंगवल्यांनी दूधवाल्या हौसाबाईला कोर्टात उभं केलं. सायकल जप्त झाली असती, तर तिचे सगळे रतीब तुटले असते.

"घंटीशिवाय लोकांना कळणार कसं, बाई?" फौजदार गरजले.

"सायेब, मला धरलंत तवा तुमची पाठ हुती माज्याकडं. मग मी आल्याचं कळलं कसं?"

"किटल्यांचा खडखडाट केवढा! अख्ख्या पेठेला ऐकू गेला!"

हौसाबाई न्यायाधीशांकडे वळली. "ऐकलंत न्हवं, सरकार?"

न्यायाधीशांनी हसू दाबत सायकल सोडून दिली.

पुढे कित्येक वर्षांनी इंगवल्यांच्या मुलीला विचारून खात्री करून घेतली: त्या घरी दूध शेवटपर्यंत हौसाबाईचंच येत होतं.