डोळ्याएवढा घास

एका राज्यात पाहुण्याने ‘पुरे’ म्हणणे हा यजमानाचा अपमान समजला जाई. पंगतीत कुणी ताटावर हात आडवा धरला, तर वाढणारी त्याच्या बोटांच्या फटीतून तूप सोडी. वर हसून म्हणे, “एवढ्याने काय होतंय!” पाहुणा बिचारा पोटाला हात लावून घरी जाई आणि दोन दिवस लिंबूपाण्यावर काढी.

या राज्यात सर्वांत मोठा आग्रह राणी कमळजेचा. तिच्या आग्रहापायी राजा भद्रसेनाचे सिंहासन दोनदा रुंद करावे लागले होते. तिला एकुलता एक मुलगा, राजपुत्र सुमेघ. वीस वर्षांचा झाला, तरी भूक म्हणजे काय हे त्याला ठाऊक नव्हते, कारण भूक लागायच्या आधीच आईचा घास तोंडाशी येई. तो नुसता शिंकला, तरी राणी वैद्याला बोलावणे धाडी. तिचा सगळा जीव त्या पोरात होता.

एके दिवशी ऐन जेवणाच्या वेळी उंबरनाथ नावाचा मांत्रिक वाड्यावर आला. अंगाने काटकुळा, स्वभावाने तापट. तीन लाडू खाऊन तो म्हणाला, “पुरे.” राणीने चौथा वाढला. “पुरे, राणी.” राणीने पाचवा वाढला. तिसऱ्यांदा त्याने हात जोडले आणि पुरे म्हणायला तोंड उघडले, तर राणीने सहावा लाडू कौतुकाने त्याच्या तोंडातच घातला. मांत्रिकाला ठसका लागला, डोळे पांढरे झाले. चार जणांनी पाठीवर थापट्या मारल्या, तेव्हा कुठे त्याचा श्वास परत आला.

तो उठला. ताटाभोवतीची रांगोळी पायाने पुसत म्हणाला, “राणी, ज्याच्यावर तुझी सर्वांत जास्त माया, त्याला तुझ्याच हाती सोपवतो. नव्वद दिवस जगव. जगला, तर नव्वदाव्या दिवशी सूर्योदयाला माणूस होईल. मेला, तर तुझ्याच हाताने मेला असे समज.”

त्याने कमंडलूतले पाणी शिंपडले. सुमेघाच्या पाटावर नुसता अंगरखा उरला आणि अंगरख्यावर बोटभर लांबीचा, शेंदरी रंगाचा मासा तडफडू लागला. मांत्रिकाने त्याला पाण्याने भरलेल्या, तळाशी खडे असलेल्या काचेच्या एका मोठ्या हंड्यात सोडले आणि विडासुद्धा न घेता तो चालता झाला.

राणी रडली नाही. रडायला तिला सवडच नव्हती. तिने हंडा आपल्या महालात खिडकीशेजारी ठेवला, दारे लावून घेतली आणि पहिली गोष्ट काय केली असेल, तर हंड्यात केशरी भाताची चार शिते टाकली. माशाने ती खाल्ली. राणीला धीर आला. खातो आहे, म्हणजे बरा आहे! मग तिने पुरणपोळीचा तुकडा टाकला. मग लाडूचा चुरा. मासा काचेशी येऊन तोंड उघडी, मिटी, पुन्हा उघडी. पोर मागते आहे, असे म्हणून राणी घालतच राहिली. दिवसातून सात वेळा, आठ वेळा.

आठव्या दिवशी पाण्याला ताकाचा रंग आला. तळाशी बुरसट थर साचला, वास सुटला, आणि मासा पाण्याच्या वरच्या कडेला येऊन धापा टाकू लागला. राणी दाराकडे धावली. “केतकी!” तिने दासीला हाक मारली. “रिठे आण, राख आण, काथ्या आण!” दोघींनी मिळून माशाला वाटीत काढले, हंडा रिकामा केला, आतबाहेर घासला, तळाचे खडे उकळत्या पाण्यातून काढले आणि विहिरीचे ताजे, गार, नितळ पाणी काठोकाठ भरले. आरशासारखा लख्ख हंडा. राणीने समाधानाने मासा आत सोडला.

मासा एकदा वर आला, एकदा खाली गेला आणि कुशीवर कलंडला.

राणी हंड्यावर वाकली. तेवढ्यात खिडकीत निळे पंख झडपले आणि एक खंड्या पक्षी चौकटीवर येऊन बसला. लांब चोच हंड्यावर रोखून तो बोलला, “मासा अजून जिवंत आहे. पण राणी, तू त्याला दोनदा मारायला घेतलेस. एकदा मायेने, एकदा स्वच्छतेने.”

“तू कोण?” राणीने विचारले.

“ज्याचे पोट माशांवर चालते, तो. माशांविषयी माझ्याइतके कुणाला कळते? मी सांगेन ती तीन कामे कर, पोर जगेल.”

“आणि तुला काय हवे?”

“कामात चुकलीस आणि मासा मरायला टेकला, तर तो माझा. मी मेलेले खात नाही. आधीच उचलीन.”

राणीने पक्ष्याच्या चोचीकडे पाहिले, मग कुशीवर पडलेल्या माशाकडे पाहिले. तिने हंड्यावर हात आडवा धरला. पण दुसरे कुणी येऊन सांगणारे नव्हते. ती म्हणाली, “कबूल.”

“मग ऐक. माशाची घाण पाण्यात विष होते. ते विष खाणारे लाखो सेवक बुळबुळीत दगडांवर राहतात, तुझ्या डोळ्यांना दिसत नाहीत. हंड्याच्या खड्यांवर थोडे वसले होते, ते तू घासून, उकळून मारलेस. सात कोसांवर जुने तळे आहे. त्याच्या तळाचा एक हिरवा दगड आण. धुऊ नकोस, पुसू नकोस, सुकू देऊ नकोस.”

राणीने केतकीला हंड्यापाशी बसवले. “काही घालू नकोस. एक शीतसुद्धा नाही,” असे तीनदा बजावून ती घोड्यावर बसली. वाटभर तिच्या डोळ्यांपुढे खंड्याची चोच होती. आपण इकडे, आणि तो पक्षी तिकडे खिडकीत!

तळ्यात ती गळ्याइतक्या पाण्यात उतरली. पायांना गोटे लागले. खाली पाहते, तर तळ हिऱ्यामाणकांनी झगमगत होता. कुणा जुन्या राजाने शत्रूच्या भयाने बुडवलेले ते धन. त्याला शाप होता, की त्यातले एक रत्न जो घेईल, त्याला जन्मभर कशाचेच पुरेसे वाटणार नाही. त्यातले एक माणिक बोलले, “राणी, मला हंड्यात ठेव. तुझा मुलगा कधी आजारी पडणार नाही.”

कुठल्या आईचा हात थांबेल? राणीने बुडी मारली, तिचा हात पुढे गेलाच. बोटे माणकाला टेकणार, इतक्यात तिच्या मनात आले, की लख्ख वस्तूंनी या आठवड्यात आपले काय भले केले? तिने बाजूचा दगड उचलला. हिरवा, बुळबुळीत, हातातून निसटणारा. वर येताच सवयीने तो पदराला पुसायला निघाली, आणि मध्येच थबकली. तळ्याच्याच पाण्याने भरलेल्या कळशीत तिने तो ठेवला आणि घोडा भरधाव सोडला.

मासा अजून होता. कुशीवर, पण कल्ले हलत होते. खंड्या चौकटीवरून आत हंड्याच्या काठावर येऊन बसलेला होता. राणीने त्याला पदराने हुसकले आणि दगड पाण्यात सोडला. उन्हे कलेपर्यंत ती काचेला कपाळ लावून माशाचे श्वास मोजत राहिली. उन्हे कलता कलता मासा सरळ झाला.

“दुसरे काम,” खंड्या म्हणाला. “आता हंडा घासायचा नाही. आठ दिवसांतून एकदा चौथा हिस्सा पाणी काढायचे. नवे पाणी एक दिवस उघड्या घंगाळात ठेवायचे, हंड्याच्या पाण्याइतके कोमट झाले की बारीक धारेने सोडायचे. आणि घास किती? माशाचे पोट त्याच्या डोळ्याएवढे असते. दिवसातून एकदा, डोळ्याएवढा घास.”

“एवढाच?” राणीच्या तोंडून निघून गेले. खंड्या पंख झाडून उडून गेला.

दिवस जाऊ लागले. राणी घंगाळात कोपर बुडवून पाणी पाही, पुन्हा हंड्यात बोट बुडवी, पुन्हा कोपर. तिला झोप लागेना. मासा तळाशी स्थिर झाला, की तिला वाटे गेला. भरभर पोहला, की वाटे काहीतरी खुपते आहे. हंड्याच्या काचेवर हिरवट झाक चढली. दरबारातल्या बायका येत, नाक मुरडत आणि जिन्यात गेल्यावर कुजबुजत, “आईला पोराचे पाणीसुद्धा स्वच्छ ठेवता येत नाही.” मोरीतला काथ्यासुद्धा बोलू लागला, “राणी, मला उचल. दोन हातांत हंडा लख्ख करतो.” राणीचे हात शिवशिवत. शेवटी तिने काथ्या उचलला, तो थेट चुलीत घातला. हळूहळू पाण्याला मातीचा गोड वास येऊ लागला आणि माशाच्या पाठीवर तांबूस तेज चढले. खंड्या रोज येई, पाही आणि उडून जाई.

त्र्याऐंशीव्या दिवशी तो बोलला. “तिसरे काम. आता सात दिवस काही घालायचे नाही.”

“सात दिवस? माझे पोर उपाशी?”

“धडधाकट मासा सात दिवसांत मरत नाही. घालणारा हात थांबतो का, ते पाहायचे आहे.” एवढे बोलून तो चौकटीवर ठाण मांडून बसला, आणि या वेळी उडून गेला नाही.

पहिला दिवस गेला, दुसरा गेला. तिसऱ्या दिवसापासून राणी समोर दिसली, की मासा काचेला तोंड लावी आणि उघडी, मिटी, उघडी. राणीने पदर तोंडात धरला. तिला स्वतःलाही घास गिळेना. चौथ्या दिवशी तिने चिमूट भरून घेतली, हंड्यापर्यंत नेली आणि तशीच परत आणली. चौकटीवरचा खंड्या थोडा पुढे सरकला होता.

पाचव्या दिवशी राजा भद्रसेन महालात आला. कुणीतरी त्याचे कान भरले होते. हातात भाताची वाटी होती.

“राणी, पोराला उपाशी मारतेस? कसली आई तू?”

“महाराज, दोनच दिवस राहिले.”

“त्याच्याकडे पाहा! तोंड उघडतोय तो! सरक.”

राजाने वाटीत हात घातला. राणी हंड्यासमोर उभी राहिली आणि तिने त्याचे मनगट धरले. तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. आयुष्यात कधी न उच्चारलेला शब्द ती मोठ्याने बोलली.

“पुरे, महाराज. पुरे!”

राजाने हात मागे घेतला. त्याने वाटी खाली ठेवली आणि तो भिंतीशी बसून लहान मुलासारखा रडला. राणीही त्याच्या शेजारी बसली. मग त्या दोघांनी दोन दिवस तिथेच काढले. मध्येच राजा विचारी, “हलतोय ना?” आणि राणी म्हणे, “हलतोय.”

नव्वदाव्या दिवशी पहाट फुटली. उन्हाची पहिली तिरीप हंड्यावर पडली तेव्हा मासा तळाशी, हिरव्या दगडाला टेकून अगदी निश्चल होता. कल्लेसुद्धा हलेनात. खंड्याने पंख उघडले. राणीने डोळे मिटून घेतले. आपण चुकलो, पक्ष्याचे ऐकून पोर उपाशी मारले, असे तिला वाटले, आणि तिचे काळीज फाटले.

हंड्याची काच आवाज न करता कमळासारखी उमलली. पाणी जमिनीवर पसरले आणि त्या पाण्यात मांडी घालून, केसांतून थेंब गळत, राजपुत्र सुमेघ बसला होता. काच पुन्हा मिटली. खंड्या खिडकीबाहेर पडता पडता म्हणाला, “राणी, मला पाठवणाऱ्या उंबरनाथाला सांगतो, की त्या लाडवांची फेड झाली.” इतके दिवस राखण करून तो एकटाच काय तो उपाशी गेला.

राणीने मुलाला पोटाशी धरले. राजाने आपला शेला त्याच्या अंगावर घातला. मग सुमेघ म्हणाला, “आई, मला काहीतरी होतंय. पोटात पोकळ पोकळ वाटतंय.”

“ती भूक आहे, बाळा,” राणी म्हणाली.

पाट मांडला, ताट आले. राणीने एक मूद भात वाढला, त्यावर वरण, वर तुपाची धार. आणि वाढपाची पळी खाली ठेवली. सगळा वाडा दाराशी लोटला होता. सुमेघ खाऊ लागला. भात संपत आला तसा राणीचा हात पळीकडे गेला. तिने तो दुसऱ्या हाताने धरला आणि मांडीवर दाबून ठेवला. इतके अवघड त्या नव्वद दिवसांतही काही गेले नव्हते.

सुमेघाने ताट बोटांनी पुसून स्वच्छ केले. मग ते पुढे सरकवले. वीस वर्षांत पहिल्यांदाच तो आईला म्हणाला, “आई, अजून थोडा वाढ ना.”

राणी एवढी रडली, की वाढताना पळी दोनदा सांडली.

त्या दिवसापासून त्या राज्यात कुणी ताटावर हात आडवा धरला, की वाढणारी हसून मागे सरते. हंडा अजून राणीच्या खिडकीशी आहे. त्यात चार लहान मासे आहेत, हिरवा दगड आहे, आणि रोज सकाळी राणी स्वतः डोळ्याएवढा घास घालते. तिचा हात आवरला, तिचे पोर सावरले. तुमच्या घरचे पाणी नितळ राहो, आणि तुमच्या पानावर मागितल्यावर मिळो, नको म्हटल्यावर थांबो.