सतराव्या घराचा धूर

बोरखडीला गाडीवाट नव्हती, माणसं ओढ्याच्या पात्रातून चालत गावात शिरायची, तेव्हाची ही गोष्ट. किती वर्षं झाली ते नक्की कुणी सांगत नाही. कुणी शंभर म्हणतं, कुणी दीडशे. म्हातारी माणसं एवढंच सांगतात की देवळामागची चिंच तेव्हा कमरेएवढी होती, आणि आज चौघांनी हात धरून कवळा घातला तरी तिचा बुंधा मावत नाही.

त्या बोरखडीत भिवा होलार नावाचा सनईवाला होता. त्याची सनई खैराच्या लाकडाची होती आणि नेहमीच्या सनईपेक्षा चार बोटं आखूड होती, म्हणून तिचा आवाज चढा. असं म्हणतात, की लेक सासरी निघताना भिवानं सनई ओठाला लावली, की लेकीच्या आईआधी सासूच्या डोळ्यांना पाणी यायचं. असंही म्हणतात, की एका लग्नात रुसून निघालेला व्याही ओढ्याच्या पलीकडून ती सनई ऐकून परत फिरला आणि आपण कशावरून रुसलो होतो तेच विसरला.

भिवाबरोबर सूर धरायला इठू असायचा. सनईला नेहमी दोघं लागतात. एक गाणं वाजवतो आणि दुसरा नुसता एकच सूर धरून ठेवतो. दुसऱ्याच्या सनईची भोकं मेणानं बुजवलेली असतात, एक तेवढं मोकळं. गाणं वर जावं, खाली यावं, हसावं, रडावं, सूर धरणाऱ्यानं जागचं हलायचं नाही. नाकानं श्वास घ्यायचा, गालात साठवायचा आणि तोंडानं सोडत राहायचा, म्हणजे सूर तुटत नाही. इठूनं तीस वर्षं हेच केलं. लोक भिवाकडे बघायचे. इठूकडे कुणी बघत नसे, आणि इठूला त्याचं काही वाटत नसे. भिवाला तो दादा म्हणायचा.

वाजवण्याबद्दल भिवाला शिधा मिळायचा. त्यातला अर्धा जोंधळा तो आपल्या दारातल्या रांजणात टाकायचा. रांजणाच्या तोंडावर घोंगडं पसरलेलं असायचं. ज्याची चूल पेटली नसेल त्यानं घोंगड्याखाली हात घालावा आणि लागेल तेवढं घ्यावं. किती घेतलं ते घेणाऱ्यालासुद्धा दिसू नये, असा भिवाचा नियम होता. असं म्हणतात, की त्या रांजणाचा तळ कधी कुणी पाहिला नाही.

मग सलग तीन वर्षं पाऊस फिरकला नाही, आणि त्यातल्या दुसऱ्या वर्षाच्या पौषात भिवा गेला. तापानं गेला. सनई उशाशी होती.

गावाच्या खालच्या अंगाला आणि वर माळावर मिळून सतरा घरं अशी होती, की भिवाच्या रांजणावरच त्यांची चूल पेटायची. दगड फोडणारे, टोपल्या विणणारे, एकट्या राहिलेल्या बाया. भिवाची बायको पारूबाई रांजणावरचं घोंगडं रोज झटकून पुन्हा पसरायची. त्या घरांचं तेवढ्यावर चाललं होतं.

भिवाला जाऊन वर्ष होत आलं, तेव्हा बजाबा पाटलाच्या मनात आलं की एवढ्या मोठ्या कलावंताचं स्मरण झालं पाहिजे. कल्पना चांगली होती. पाटलाच्या डोक्यात आणखी एक गोष्ट होती. स्मरणाला संस्थानचे कारभारी येणार होते, आणि कारभाऱ्यांच्या हातून आपल्याला पागोटं मिळावं अशी पाटलाची फार दिवसांची इच्छा होती. देवळापुढं मंडप पडला. संस्थानच्या देवडीवर वाजवणारे रेवणसिद्ध गुरव यांना बोलावणं गेलं. उरली पंगत. दुष्काळात पंगतीला गहू, गूळ, तूप आणायचं कुठून? पाटलानं तेही ठरवलं. आठ गडी पारूबाईच्या दारात आले, रांजणाला झेंडूचा हार घातला आणि तो उचलून मंडपात नेऊन ठेवला. सनई संपली की त्यातला जोंधळा बैलांच्या पाठीवर टाकून बाजारात विकायला जायचा होता, आणि त्या पैशातून संध्याकाळी पुरणपोळीची पंगत बसायची होती. भिवाच्या नावानं!

दुपारी इठू आपल्या सनईचं मेण उन्हात ऊब देऊन बसवत होता, तेव्हा पारूबाई आली.

"भावजी, रांजण नेला. हार घालून नेला. चोरानं हार घालून चोरी केल्याली तुमी कवा बघितली व्हती का?"

इठूनं मान खाली घातली. "म्या काय करू, वैनी? म्या बोलणारा माणूस न्हाय."

"त्ये समद्या गावाला ठावं हाय. बोलू नगा. तुमाला जे येतं त्येच करा."

"मला काय येतं? सूर धराया येतो."

"मग धरा की," पारूबाई म्हणाली. "आन् सोडू नगा."

ती निघून गेली. इठू बराच वेळ बोटातलं मेण चोळत बसला. मंडपात रांजण होता, रांजणात सतरा घरांची भाकरी होती, आणि त्याच्या हातात एका भोकाची सनई होती. एवढ्यानं काय होणार, असं त्याला वाटलं. पण मग त्याला एक गोष्ट आठवली, आणि ती बोरखडीतलं शेंबडं पोरही जाणत होतं. देवापुढं धरलेला सूर कुणी हातानं मोडायचा नाही, आणि सूर चालू आहे तोवर मंडपातल्या पंगतीसाठी कुणी उठायचं नाही. लग्न असो, पूजा असो, सूर थांबला की मगच पानं मांडायची. हा रिवाज पाटलाच्या आजोबांपासून चालत आला होता. पाटील तो विसरला होता, असं नाही. सूर केव्हा थांबवायचा हे सूर धरणारा ठरवील, हे त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सूर्य उगवता उगवता मंडप भरला. मधोमध चौरंग, चौरंगावर भिवाची सनई, तिला हार. भिवाच्या नावाचा जयजयकार झाला. आणि ज्यानं तीस वर्षं भिवाला सूर दिला तो मंडपाच्या बाहेर, पायताणांच्या ढिगापाशी बसला होता. त्या काळी वाजवणाऱ्यांची जागा तिथंच असे. रेवणसिद्धबुवा तेवढे संस्थानचे, म्हणून त्यांना आत गालिचा होता.

"इठ्या," पाटील म्हणाला, "बुवांना नीट सूर दे. माझं नाक कापू नगंस."

इठू उभा राहिला. "पाटील, दादाचा जोंधळा दादाच्या सतरा घरांत गेला, समद्या चुली पेटल्या, की सूर सुटंल. तवर न्हाय."

आयुष्यात तो एवढा कधी बोलला नव्हता. मंडपात हसू उसळलं. पाटीलही हसला. "आरं, घटकाभरात छाती फुटंल तुजी! बस, बस खाली."

इठू बसला आणि त्यानं सूर धरला.

रेवणसिद्धबुवांनी सनई ओठाला लावली आणि लगेच काढली. सूर चढा होता. त्यांच्या लांब सनईशी तो जुळेना. ते वाकून हळूच म्हणाले, "बाबा, मेण जरा सरकव. थोडा खाली ये."

सूर धरणाऱ्यानं गाणं वाजवणाऱ्याच्या सनईशी जुळवून घ्यायचं, हा त्या कामाचा पहिला धडा. इठूनं तीस वर्षांत तो कधी मोडला नव्हता. आज त्यानं मान हलवली आणि सूर तिथंच ठेवला. बुवांनी सनईच्या तोंडाची पत्ती बदलली, पुन्हा लावून पाहिली, पुन्हा काढली. मग त्यांची नजर चौरंगावरच्या आखूड सनईकडे गेली. बुवा खरे कलावंत होते. त्यांनी आपली सनई मांडीवर आडवी ठेवली.

पाटील ओरडला, "बुवा, वाजवा की!"

"पाटील," बुवा म्हणाले, "हा सूर माझ्यासाठी नाही. ह्याचा धनी तिथं चौरंगावर आहे. त्याच्या स्मरणाला मी आलोय ना? मग मी ऐकतो."

मंडपात आता नुसता सूर उरला. ऊन चढलं. सूर हलला नाही, कापला नाही, तुटला नाही. इठूचे गाल फुगत होते, नाकपुड्या हलत होत्या, डोळे मिटलेले होते. असं म्हणतात, की आडातलं पाणी थरथरायला लागलं आणि चिंचेवरची पाखरं उडायची थांबली. आणि मग, असं म्हणतात, त्या सुराच्या वर दुसरी सनई ऐकू येऊ लागली. चौरंगावरच्या सनईला कुणी हात लावला नव्हता. पण प्रत्येकाला ती ऐकू आली, आणि प्रत्येकाला निराळी ऐकू आली. कुणाला आपल्या लग्नातली, कुणाला लेकीच्या पाठवणीची, कुणाला बाप गेला त्या वर्षीच्या जत्रेतली. इठूला काय ऐकू आलं ते त्यानं कधी सांगितलं नाही. मिटलेल्या डोळ्यांनी त्यानं एकदा उजवीकडे मान वळवली. भिवा नेहमी त्याच्या उजव्या हाताला बसायचा.

दुपार झाली. माणसांना भूक लागली, पण रिवाज आडवा होता. गडी बैल घेऊन ताटकळले होते. कारभारी उपरण्यानं वारा घेत होते.

तेवढ्यात पाटलाची म्हातारी आई, गाव तिला आऊ म्हणायचं, गुडघ्यावर हात टेकत उठली. कुणीतरी म्हणालं, "आऊ, सूर चालू हाय, उठू नगा."

"उठायचं न्हाय ते खायासाठी," आऊ म्हणाली. "द्यायला उठाया कुणाची बंदी हाय रं?"

तिनं रांजणापाशी जाऊन घोंगड्याखाली हात घातला, ओंजळीमागून ओंजळ जोंधळा पदरात घेतला आणि खालच्या आळीची वाट धरली. मग पारूबाई उठली. मग बाया, मग बाप्ये. कुणी उपरण्यात, कुणी टोपीत, कुणी धोतराच्या सोग्यात जोंधळा घेतला. रेवणसिद्धबुवांनी अंगावरची शाल पसरली आणि तिचं गाठोडं बांधून तेही निघाले. एकेका घरावर धूर दिसू लागला. देवळाच्या पायरीवरून एक जण मोजत होता. नऊ. बारा. पंधरा. सोळा.

सतरावं घर वर माळावर होतं, दगड फोडणाऱ्या एका एकट्या बाईचं. मंडपात आता न्यायला कुणी उरलं नव्हतं. उरले होते पाटील आणि कारभारी. कारभाऱ्यांनी रांजणाकडे बघितलं, मग पाटलाकडे.

"ह्याची पुरणपोळी मला वाढणार होतास?"

पाटील उठला. काही जण सांगतात, त्याला लाज वाटली म्हणून उठला. बोरखडीतली जाणती माणसं सांगतात, कारभाऱ्यांनी डोळे वटारले म्हणून उठला. काही असो, उठला. पायताण त्या ढिगात सापडेना, तेव्हा अनवाणीच, डोक्यावर जोंधळ्याची पाटी घेऊन उन्हातून माळ चढून गेला. परत येताना त्याच्या पायाला फोड आले होते, आणि पागोट्याची गोष्ट त्यानं पुन्हा काढली नाही.

माळावर धूर दिसला तेव्हा सावल्या लांब झाल्या होत्या. पायरीवरच्या माणसानं "सतरा!" म्हणून आरोळी दिली, आणि इठूनं सनई ओठांवरून काढली. त्याचे ओठ सुजले होते. पारूबाईनं त्याला तांब्या दिला. पाणी पिऊन झाल्यावर तो म्हणाला, "वैनी, दादानं आज जरा लांबवलंच."

पुढे इठू पुष्कळ वर्षं जगला. त्या दिवसापासून बोरखडीत वाजवणाऱ्याची जागा मंडपाच्या आत आहे.

आजही बोरखडीला पौषात भिवाचा दिवस होतो. लांबलांबचे नामांकित सनईवाले येतात. बिदागी कुणी घेत नाही, आणि कितीही मोठा वादक असला तरी सूर धरणारा त्याच्यासाठी मेण हलवत नाही. ज्याला वाजवायचं त्यानं भिवाच्या सुराशी जुळवून घ्यायचं, नाहीतर बसून ऐकायचं. ऐकायला येणारा घरून शेरभर धान्य आणतो. ते कोणत्या घरांत जायचं हे गावातल्या बाया आपसांत ठरवतात, आणि ती नावं मंडपात घेतली जात नाहीत.

सूर उगवतीला सुरू होतो. तीन-चार जण आळीपाळीनं धरतात, पण मध्ये तुटू देत नाहीत, म्हणून त्या मंडपात भाषण होत नाही. मोठमोठे पुढारी आले, खिशात कागद घेऊन आले, माइक आहे का विचारून बघितलं, सूर थांबण्याची वाट बघत बसले आणि कागद तसेच घेऊन गेले. त्यातले दोघं-तिघं मात्र पुढच्या वर्षी धान्य घेऊन आले, हेही सांगायला हवं.

आता घरोघर गॅस आला आणि माळावर धूर दिसत नाही. म्हणून ज्या घरी सगळ्यांत शेवटी धान्य पोचतं, त्या घरची बाई पीठ मळते, पहिली भाकरी भाजते आणि ती हातात घेऊन दाराबाहेर येते. देवळाच्या पायरीवरचा माणूस कपाळावर हात धरून बघत असतो. बाई भाकरी वर करते. तो हात खाली घेतो. मग बोरखडीचा सूर थांबतो.