कच लागलेली भाकरी

या मुलखात आगगाडीची शिट्टी अजून कोणाच्या कानावर पडली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. माझ्या आजानं त्याच्या आजाकडून ऐकली. मी ती वाढवत नाही आणि कमीही करत नाही.

मोरदरा गाव एका जहागिरीत होतं. गावाच्या खालच्या अंगाला नऊ घरांची वाडी. त्या नऊ घरांनी बाप्तिस्मा घेतला होता. शहरातल्या मिशनचा उपदेशक यायचा, शास्त्र, म्हणजे बायबल, वाचून दाखवायचा. ते ऐकून वाडीची माणसं जहागीरदाराला म्हणाली, आम्ही शेतात राबू, पण फुकटची वेठ करणार नाही आणि मेलेली ढोरं ओढणार नाही. जहागीरदाराला माणसांचा राग आला नाही, पुस्तकाचा आला. त्यानं घरोघरची पुस्तकं आणवली आणि चावडीपुढे जाळली. उपदेशकाला शिवेबाहेर हाकललं. दवंडी पिटवली, की ज्या घरात हे पुस्तक सापडेल ते घर जळेल.

लोकांना वाटलं, बोलायची गोष्ट आहे. पुढच्याच महिन्यात शांतवन नावाच्या माणसाच्या छपरात चार पानं सापडली. शिपायांनी घर पेटवलं. आत त्याची आंधळी आई होती. तिला काढायला कोणाला जाऊ दिलं नाही. त्या दिवसापासून वाडी आठ घरांची झाली.

मग सीलास आला.

सीलास जन्मानं पाथरवट. बाप्तिस्मा घेऊन तो मिशनचा उपदेशक झाला, पण हातातली टाकी आणि हातोडी त्यानं सोडली नव्हती. जात्याचे दात झिजले की पीठ नीट पडत नाही. मग दगडाला पुन्हा खाचा पाडायला टाकी लावणाऱ्याला बोलवावं लागतं. त्याला कुठल्याच गावात कोणी अडवत नाही. सीलासनं एका शास्त्राची शिवण उसवली, आठ भाग केले, मेणकापडात गुंडाळले. एकेका फेरीला दोन भाग पोटाला बांधायचा, वर अंगरखा घालायचा आणि मोरदऱ्याच्या नाक्यावर यायचा.

नाक्यावरचा शिपाई त्याची पिशवी उलटी करून बघायचा. एकदा म्हणाला, "टाकाऱ्या, येताना पोट असतं, जाताना नसतं. आमच्या गावचं अन्न अंगी लागत नाही व्हय?"

"दगडाचं काम आहे, शिपाईदादा," सीलास म्हणाला. "पोट पण झिजतं."

शिपाई हसला आणि त्यानं सोडलं.

वाडीत शिरताना सीलास हाळी द्यायचा, "टाकी लावायची का जात्याला." हाळी ऐकली की बायका हातचं काम टाकून जात्याची वरची तळी उचलून ठेवायच्या. तशीच रीत होती. सीलास खालची तळीही जमिनीतून उपटायचा, खाली खड्डा करायचा, त्यात शास्त्राचा भाग ठेवायचा आणि वर तळी बसवायचा. मग टाकी मारत बसायचा. टाकी मात्र दर फेरीला आठही घरांत लावायचा. टाकीच्या आवाजाखाली तो शास्त्र तोंडपाठ म्हणायचा. बाहेर फक्त टकटक ऐकू यायची. असं म्हणतात, की त्यानं म्हटलेला एक शब्दही वाडीतलं कोणी कधी विसरलं नाही.

जाताना तो प्रत्येक घरी बजावून जायचा. टाकी लावल्यावर पहिल्या दळणात दगडाची कच येते, ते पायलीभर पीठ जनावराला घाला, तुम्ही खाऊ नका.

वाडीनं ते ऐकलं नाही. वेठ नाकारल्यापासून वाडीला काम मिळत नव्हतं. पायलीभर पीठ टाकून द्यायची ऐपत कोणाच्या घरात नव्हती. त्यांनी कच खाल्ली.

चार फेऱ्यांत आठ भाग आठ जात्यांखाली गेले. चौथ्या फेरीला बाजरीची काढणी चालू होती. माणसं कमी पडली म्हणून कारभाऱ्यानं वाडीलाही बोलावलं. दुपारी सगळे बांधावर जेवायला बसले. वाडीच्या माणसांच्या दाताखाली भाकरी करकर वाजत होती. कारभारी दाजीबा जवळच उभा होता. त्यानं विचारलं, "तुमच्या बायका वाळू दळत्यात काय रं?"

सगळे हसले. वाडीतला सत्वा स्वाभिमानी होता. त्याला घरच्या बाईची थट्टा सोसली नाही. तो म्हणाला, "वाळू कशाला? कालच टाकी लावलीय जात्याला."

दाजीबा हसला नाही. त्याच्या घरी बारा माणसांचं दळण, तरी वर्षातून एकदाच टाकी लागायची. ज्यांच्या घरात दळायला दाणा नाही, त्यांची जाती एका वर्षात चारदा कशी झिजतात? त्यानं घोडं काढलं. सीलास नाका ओलांडायच्या आत धरला गेला.

त्याला चावडीत बांधलं. जहागीरदारानं विचारलं, पुस्तकं कोणत्या घरांत आहेत.  सीलासच्याच हातोडीनं त्याच्या डाव्या हाताची बोटं एकेक करून फोडली. उजवा हात ठेवला, कारण घर दाखवायला एक हात लागतो.

शिपाई वाडीत आले. घरांतली गाडगी, छपरं, चुली, सगळं उसकटलं. काही मिळालं नाही. मग दाजीबा म्हणाला, जाती उचला.

वाडीत राहेलबाई नावाची म्हातारी होती. तिनं ते ऐकलं आणि जात्यावर बसली. मूठभर दाणे घातले आणि खुंटा धरला. तिचं बघून आठही घरांतून जाती फिरू लागली. त्या मुलखात फिरत्या जात्याला पुरुष हात लावत नसे. घरातला घास तुटतो, असं मानत. शिपायांच्या घरीही जाती होतीच. ते दारात उभे राहिले.

एकानं विचारलं, "किती दळण हाय, मावशे?"

"घरात माणसं हायेत तेवढं," राहेलबाई म्हणाली. "बस तू."

बायका आळीपाळीनं दळत राहिल्या. पहिल्या दिवशी दाणे संपले. दुसऱ्या दिवशी कोंडा संपला. मग माती घातली. हातांची सालटी निघाली, खुंटे लाल झाले, पण जातं थांबलं नाही. असं म्हणतात, की तिसऱ्या दिवशी खुंट्यावर हात नसतानाही जाती फिरत होती.

चावडीत सीलास ऐकत होता. जात्याचा आवाज त्याच्याइतका कोणाला कळणार? दाणा संपलेला त्याला कळला. आता दगडावर दगड घासतोय, हेही कळलं. जाती आज ना उद्या थांबणार होती.

तो पहिल्यांदा बोलला. "पुस्तकं घरांत नाहीत. नदीच्या डोहात दगड बांधून बुडवलीत. मी बुडी मारून दोर बांधतो. वजन फार आहे. सगळी माणसं लागतील ओढायला."

जहागीरदारानं एकूणएक शिपाई बोलावून घेतले. सीलासला वाडीवरूनच नदीकडे नेलं. वाडीपाशी येताच त्यानं हाळी दिली. "टाकी लावायची का जात्याला."

शिपायांनी थट्टा केली. हात फुटला तरी धंदा सुटत नाही म्हणाले.

आठ घरांत जाती थांबली. वरच्या तळ्या उतरल्या, खालच्या उपटल्या गेल्या.

डोहावर सीलासनं एका हातानं बुडी मारली. वर आला, म्हणाला, अजून खोल आहे. पुन्हा बुडी मारली. अशा सात बुड्या मारल्या. सातव्या वेळी तो घटकाभर वर आला नाही, असं म्हणतात. प्रत्येक वेळी दोर रिकामा आला. शेवटी दाजीबाला उमगलं. त्यानं शिपाई वाडीकडे पळवले. वाटेत बायका डोक्यावर शेण्यांच्या पाट्या घेऊन शिवेकडे निघालेल्या भेटल्या. शिपायांनी त्यांना वाट दिली. वाडीत आठ जाती उपटलेली होती. खाली आठ रिकामे खड्डे.

जहागीरदारानं शांतवनच्या जळक्या घरातली वरची तळी आणवली. मधल्या भोकातून दोर ओवला आणि ती सीलासच्या गळ्यात बांधली. दाजीबानं शेवटचं विचारलं, "कुठं गेली पुस्तकं?"

"वाचायला," सीलास म्हणाला.

त्याला डोहात ढकललं. भर दुपार होती.

प्रेत कधी वर आलं नाही. तिसऱ्या दिवशी ती तळी काठावर कोरडी पडलेली दिसली. जळका काळा रंग गेला होता. आणि तिच्यावर ताजी टाकी लावलेली होती, ओळीनं, एकसारखी, जशी फक्त सीलास लावायचा.

जहागिरी गेली. वाड्याच्या जागी आता बाभळी आहेत. पुढे आठ भाग परत आले आणि पुन्हा शिवले गेले. ते शास्त्र वाडीच्या ख्रिस्ती देवळात आहे. सीलासला बुडवलं त्या जागेला टाकाऱ्याचा डोह म्हणतात. बाजरी काढणीच्या दिवसांत दुपारी तिथं पाण्याखालून टकटक येते, असं म्हणतात. मी ऐकलेली नाही. माझ्या बापानं ऐकली होती, आणि तो खोटं बोलत नसे.

गावात विजेची गिरणी आहे. तरी काढणी संपली, की पहिल्या शुक्रवारी वाडीतलं प्रत्येक घर मूठभर बाजरी आणून डोहातून आलेल्या त्या तळीच्या जात्यावर दळतं. तिला त्यानंतर कधी टाकी लावावी लागली नाही. पण त्या एका दिवशी पिठात कच येतेच. त्याच पिठाची भाकरी होते. म्हातारे खातात, दात आलेली पोरं खातात. दाताखाली करकर वाजते. कोणी थुंकत नाही.

पहिलं पीठ जनावराला घाला, असं सीलास सांगून गेला होता. त्याचं तेवढं एक वाडीनं ऐकलं नाही. अजून ऐकत नाही.