बिनफोडणीचं घर

"मग आता राहिलं काय, आबा?"

डॉक्टर निमकरांनी कागद पुढं सरकवला. दोनशे बारा घरं विचारून झाली होती. देवीचा रोगी एकही नाही. खाली आबांच्या सहीची जागा तेवढी कोरी.

आबा माझे सासरे. एकतीस वर्षं गावोगाव हिंडून त्यांनी लोकांना देवीची लस टोचली. निमकरांना सुई धरायला शिकवलं तेही त्यांनीच. पण आता निमकर जीपमधून येत, त्यामुळे गुरू कोण नि चेला कोण, हे जरा मागं पडलं होतं.

"कसं विचारलंत?"

"फोड आलेल्या मुलाचा फोटो दाखवून. असं कुणी घरात आहे का? सगळे नाहीच म्हणाले."

"हो कोण म्हणेल?"

निमकर हसले. "तुमचा काळ गेला, आबा. आता लोक खरं सांगतात."

आबांनी माझ्याकडं पाहिलं. मी जमिनीकडं पाहिलं. सासरी येऊन दीड महिना झाला होता, आणि 'करमतंय ना?' याला मी रोज हो म्हणत होते.

"चला," आबा उठले. "चुली पेटल्यात. सूनबाई, तूही ये. आम्हाला स्वयंपाकघरात कोण घेणार?"

आबा गल्लीतून सावकाश चालत होते. मान वर, डोळे अर्धे मिटलेले.

"काय शोधताय?" निमकरांनी विचारलं.

"फोडणी."

"...काय?"

"घरात देवी आल्या की फोडणी बंद. देवीला तडतड सोसत नाही म्हणतात. माणूस तोंडानं नाही म्हणेल, डॉक्टर. त्याच्या आमटीला खोटं बोलता येत नाही."

लसूण, मोहरी, मिरची. एकेका दारातून वास येत होता. निमकरांना ओळीनं तीन शिंका आल्या.

गल्लीच्या मध्यावर आबा थांबले. त्यांनी टोपी काढली.

"सत्तेचाळीस साली मी इथंच उभा होतो. ऐन जेवणाची वेळ. या गल्लीत बावीस घरं... आणि कुठंच काही तडतडत नव्हतं."

आता दोन्ही बाजूंनी चर्र, चर्र होत होतं. रोज माझ्या हातून होणारा तो आवाज, पण त्या दिवशी माझ्या अंगावर काटा आला.

शेवटच्या घरावर धूर होता. वास नव्हता.

दाराला कडुलिंबाचा डहाळा खोचलेला, देवी आलेल्या घराला खोचतात तसा.

निमकरांचा चेहरा उतरला. एक रोगी निघाला तर सगळा तालुका पुन्हा पहिल्या घरापासून... आणि तोवर रोग किती जणांना लागलेला असेल, कोण जाणे.

मी आत गेले. अंथरूण नाही, मूल नाही. चुलीवर पिवळं वरण रटरटत होतं आणि पुढ्यात त्या घरच्या म्हाताऱ्या तानूबाई एकट्याच बसल्या होत्या. मी बाहेर येऊन मान हलवली. कुणी नाही.

निमकर तरातरा आत गेले आणि चुलीपुढं उकिडवे बसले. "आजी, फोडणी का नाही घातली?"

"दोन पोरं हुती. सत्तेचाळीस साली, एका आठवड्यात गेली."

"त्याला एकोणतीस वर्षं झाली!"

"पोरं गेली. ती कुठं गेली?"

निमकरांना कळेना. आबा दारातूनच हळू बोलले, "मूल बरं झालं की दहीभात घेऊन देवीला वेशीबाहेर पोचवतात. तिची बोळवण करतात. हिची मुलं..."

"बरी झालीच न्हाईत," तानूबाई म्हणाल्या. "मग कुनी बोळवायची तिला? हाय ती हितंच."

"आजी, ती आता या देशातसुद्धा नाही. समुद्रापार एका कोपऱ्यात उरलीय, तिथनंही जाईल. हजारो वर्षं राजे मारले तिनं, रंक मारले. आम्ही घालवली तिला."

तानूबाईंनी त्यांना डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं.

"बूट घालून चुलीम्होरं बसलायसा, आन् देवी घालवली म्हनताय?"

निमकर बाहेर जाऊन बूट काढून आले. पुन्हा बसले. या खेपेला मांडी घालून.

"सांगा की. कुनी बोळवली? कशी?"

निमकरांनी वळून दारातल्या आबांकडं पाहिलं.

"सूनबाई," आबा म्हणाले, "दंड दाखव."

परक्या पुरुषासमोर दंड उघडा करायचा, तेही सासऱ्यांच्या सांगण्यावरून. लग्नाआधी मिळालेल्या उपदेशात हे नव्हतं. मी पोलक्याची बाही वर सरकवली. तानूबाईंनी टोचल्याच्या खुणेवरून अंगठा फिरवला. एकदा. पुन्हा एकदा.

"कवा टोचलं?"

"तान्ही असताना."

"रडलीस?"

"आठवत नाही."

"आता घरोघर आहे ही खूण," आबा म्हणाले.

"माझ्या दोघांच्या दंडावर न्हवती."

"नव्हती. मी या दारात चार दिवस उशिरा आलो."

तानूबाईंनी माझी बाही स्वतःच खाली ओढली.

मग चुलीकडं वळून म्हणाल्या, "मोहरी न्हाई घरात."

मला क्षणभर उमजलंच नाही. उमजलं तशी मी धावत शेजारी गेले.

पळीत तेल तापलं. तानूबाईंची मोहरीची मूठ वर थांबली... थांबूनच राहिली.

मूठ उघडली.

तडतड झाली. तानूबाई एक पाऊल मागं सरल्या आणि कुणाला तरी वाट द्यावी तशा दारासमोरून बाजूला झाल्या. आबाही उंबऱ्यावरून हलले.

धुरानं सगळे खोकत होतो. निमकरांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. पुसायचं त्यांना सुचलं नाही.

"आबा!" ते एकदम ओरडले. "गेली! देवी—"

आबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"हळू, डॉक्टर... निघालेल्याला मागनं हाक मारत नाहीत."