उंबऱ्यावरचं माप

लई जुनी गोष्ट बरं का. तवा भांडीकुंडी माणसांपेक्षा जास्त बोलायची. एका घरात पितळेचं माप होतं. घरातलं धान्य तेच मोजायचं, म्हणून भलतंच ताठ. थोरल्या पोराचं लगीन झालं, आणि नव्या सुनेनं पायानं सांडून आत यावं म्हणून माप तांदळानं भरून उंबऱ्यावर ठेवलं.

"मला लाथ? आज हलतच नाही मी," माप फुगून म्हणालं.

"आरं, लाथ न्हवं ती," उंबरा म्हणाला. "लक्षुमी आत येतीया. आन् माझ्यावर तर समदेच पाय देत्यात, मी रडतोय का?"

तेवढ्यात नवी सून हौसा आली. तिनं अंगठा लावला. माप ढिम्म. बायका कुजबुजल्या, "पांढऱ्या पायाची दिसतीया." पोरीनं ते ऐकलं. खाली बघत ती हळूच म्हणाली, "मापदादा, पहिल्याच दिशी माझी शोभा नगं रं करू."

मापाचा ताठा उतरला. त्यानं आपणहून अंग टाकलं. तांदूळ पार देवघरापर्यंत पळाले.

"पायगुण बघा माझ्या सुनंचा!" सासू हरखून म्हणाली.

"सांग की, तूच पडलास म्हणून," उंबऱ्यानं मापाला डिवचलं.

"गप रं," माप म्हणालं. "पोरीचं नाव होतंय, हुंदे."