टिकली बेडकी आणि आप्पांचं गप्प इंजिन

कोथिंबिरीच्या वाफ्यात होतं एक डबकं. परातीएवढं. डबक्यात राहायची टिकली बेडकी. सुपारीएवढी. तिला पिल्लं तीन. नुसती डोकी नि शेपट्या. वळवळ, वळवळ.

एक दिवस काय झालं? डबकं आटलं. परातीएवढं होतं, ते वाटीएवढं झालं.

"आई, शेपटी बुडत नाही," पिल्लं म्हणाली.

"थांबा हं. पाणी आणते," टिकली म्हणाली. नि निघाली. टुण टप्प, टुण टप्प.

वाटेत भेटला पाट. मातीचा पाट. कोरडा ठणठणीत.

"पाटा पाटा, वाहा ना!
डबकं भरेना.
पिल्लांनी पोहायचं कुठं?"

पाट म्हणाला, "पंप ओढील, तर मी वाहीन."

टुण टप्प, टुण टप्प. विहिरीपाशी पंप. तोंड वासून बसलेला.

"पंपा पंपा, ओढ ना!
पाट वाहेना,
डबकं भरेना.
पिल्लांनी पोहायचं कुठं?"

पंप म्हणाला, "इंजिन फिरेल, तर मी ओढीन."

टुण टप्प, टुण टप्प. पंपाशेजारी इंजिन. हे इंजिन होतं जुन्या स्कूटरचं, बरं का. स्कूटर गेली मोडीत. भिवाआप्पांनी इंजिन काढून घेतलं. फळीवर बसवलं. पट्ट्यानं पंपाला जोडलं. तेव्हापासून ते बसल्या जागी धावायचं. फटफट फटफट! आज मात्र गप्प.

"इंजिना इंजिना, फिर ना!
पंप ओढेना,
पाट वाहेना,
डबकं भरेना.
पिल्लांनी पोहायचं कुठं?"

इंजिन म्हणालं, "प्लग ठिणगी देईल, तर मी फिरेन."

टिकलीनं मागं वळून पाहिलं. डबकं आता वाटीएवढंही नव्हतं. पळीएवढं होतं.

टुण टप्प, टुण टप्प, टुण टप्प! ओट्यावर चिंधी. चिंधीवर प्लग. बोटाएवढा. तोंडाला ही काजळी!

"प्लगा प्लगा, ठिणगी दे ना!
इंजिन फिरेना,
पंप ओढेना,
पाट वाहेना,
डबकं भरेना.
पिल्लांनी पोहायचं कुठं?"

प्लग म्हणाला, "आप्पा घासतील, तर मी ठिणगी देईन."

आप्पा तिथंच बसलेले. पुढ्यात पाना. हातात पॉलिश पेपर.

"आप्पा आप्पा, घासा ना!
प्लग ठिणगी देईना,
इंजिन फिरेना,
पंप ओढेना,
पाट वाहेना,
डबकं भरेना.
पिल्लांनी पोहायचं कुठं?"

"घासतो गं बाई," आप्पा म्हणाले. "पण दिसायला नको? सकाळी प्लग समजून बोल्टच घासत बसलो. बघ, कसा लखलखतोय! घरात डोळे चार नि चष्मा एक. तो आजीच्या नाकावर. आजी चष्मा देईल, तर मी घाशीन."

टुण टप्प, टुण टप्प. अंगणात मंजुळाआजी. मांडीवर सूप. सुपात तांदूळ. नाकावर चष्मा.

"आजी आजी, चष्मा दे ना!
आप्पा घासेनात,
प्लग ठिणगी देईना,
इंजिन फिरेना,
पंप ओढेना,
पाट वाहेना,
डबकं भरेना.
पिल्लांनी पोहायचं कुठं?"

आजी ओट्याकडं बघून ओरडली, "अहो! चष्म्यासाठी आता बेडकी धाडली होय? दुपारी काय इंजिन शिजवून वाढू?"

"मीठ बेतानं घाल!" आप्पा ओट्यावरून म्हणाले.

आजीला हसू आलं. पण चष्मा काही दिला नाही. "तांदळात झालेत सोंडे," ती म्हणाली. "सोंडे संपतील, तर मी चष्मा देईन."

सोंडे म्हणजे इवले किडे. काळे काळे. पुढं सोंड. तांदळात तुरुतुरु, तुरुतुरु.

"सोंड्यांनो सोंड्यांनो, संपा ना!
आजी चष्मा देईना,
आप्पा घासेनात,
प्लग ठिणगी देईना,
इंजिन फिरेना,
पंप ओढेना,
पाट वाहेना,
डबकं भरेना.
पिल्लांनी पोहायचं कुठं?"

सोंडे हसले. "आम्ही? आम्ही पुष्कळ! आम्हाला संपवणार कोण?"

टिकलीनं विचार केला. सकाळपासून पोटात काही नव्हतं.

"मी!" टिकली म्हणाली. जीभ बाहेर. चट!

एक सोंडा गडप.

"तांदळाला शिवायचं नाही हं!" आजी म्हणाली. "सुपाबाहेर पडेल तो तुझा."

आजीनं सूप पाखडलं. फटक फटक. सोंडे बाहेर. चट चट चट! फटक फटक. चट चट चट! टिकलीचं पोट टम्म.

सोंडे संपले.

"अगं बाई! झालं की!" आजी म्हणाली. "अहो, घ्या तुमचा चष्मा!"

आजीनं चष्मा दिला. आप्पांनी प्लग घासला. खस खस, खस खस. टोकांच्या फटीत पोस्टकार्डाची घडी सरकवून पाहिली. सरकली. "एवढीच फट हवी," आप्पा म्हणाले. प्लग बसवला. पान्यानं आवळला. इंजिनाला दोरी गुंडाळली. ओढली.

खर्रर्र... फुस्स!

टिकलीनं डोळे मिटले.

आप्पांनी दोरी पुन्हा गुंडाळली. सावकाश. पुन्हा ओढली.

खर्रर्र... फट. फट. फटफटफटफट!

प्लगनं ठिणगी दिली. इंजिन फिरलं. पंपानं ओढलं. पाट वाहिला. झुळझुळ, झुळझुळ. टिकली पाण्याच्या पुढं पुढं. टुण टप्प, टुण टप्प, टुण टप्प!

डबकं पळीएवढं होतं. वाटीएवढं झालं. परातीएवढं झालं. एक शेपटी हलली. दुसरी हलली. तिसरी?

तिसरं पिल्लू चिखलात पडलेलं. गप्प. टिकलीनं नाकानं हळूच ढकललं. पाणी आलं अंगावर. गार गार.

वळवळ!

"आई, शेपटी बुडली!"

पिल्लांनी पोहायचं कुठं?

इथंच की! इथंच!

आप्पांनी इंजिन बंद केलं. आजीनं भात वाढला.
पिल्लं पाण्यात निजली, गोष्ट काठाला टेकली.