मामांचं कवच

समोरच्या गच्चीवर नव्या मोबाईल लहरींचा अँटेना बसला आणि विश्वासमामांच्या अंगात पांडित्य संचारलं. केतकीच्या नवऱ्याचे हे मामा म्हणजे घरातलं शेवटचं न्यायालय. त्यांच्यापुढे सासूबाईही पदर सावरून गप्प बसत.

केतकीच्या डोहाळजेवणाला ते चंदेरी कापडाचं जाडजूड कवच घेऊन आले. "त्या लहरी अंगात शिरतात. बाळंत होईपर्यंत हे पोटावरून काढायचं नाही, झोपतानासुद्धा!" ऐन वैशाखात घामाने निथळणारी केतकी झोपाळ्यावर बसली होती आणि जमलेल्या बायका माना डोलावत होत्या.

"मामा, यातून कुठलीच लहर आत जात नाही?"

"जाईल कशी? मी स्वतः शिवून घेतलंय!"

"मग तुमचा फोन यात गुंडाळून माझ्या ओटीत घालू. बाळाला मामाआजोबांचा आशीर्वाद!"

मामा फुलले. त्यांनी फोन दिला. केतकीने तो कवचात घट्ट गुंडाळून ओटीतल्या नारळाशेजारी ठेवला आणि आपल्या फोनवरून मामांचा नंबर लावला. कवचाच्या आत सनई दणक्यात वाजू लागली.

"उचला मामा," केतकी म्हणाली. "तुम्ही बंदी घातलेल्या लहरीच आत आल्यात. कुणाला विचारून शिरलात म्हणून तुम्हीच दरडावा. या घरात दुसऱ्या कुणाचं कोण ऐकतं?"

मामा कवचाकडे हात लांबवणार, तोच सासूबाईंनी ते उचललं.

"राहू द्या इथेच. गरम पुऱ्या झाकायला बरं पडेल."